सेन्सरचा आकडा आणि मुठीतली माती

ग्रुपवर सध्या एकच प्रश्न फिरतोय: "ॲपमध्ये ओलावा १४ टक्के दाखवतोय, ठिबक चालू करू का?" आधी सेन्सरजवळची माती उकरून मुठीत दाबून बघा. मुठीत वाफसा आणि मोबाईलवर दुष्काळ असेल, तर मुठीवर विश्वास ठेवा.

कारण स्वस्तातले बहुतेक सेन्सर पाणी थेट मोजत नाहीत. ते मातीचा परावैद्युतांक नावाचा विद्युत गुणधर्म मोजतात. तो पाण्याचा साधारण ८०, कोरड्या मातीचा ३ ते ५ आणि हवेचा १. काळ्या रानात भेग पडून सेन्सरभोवती हवा शिरली, की मुळाशी ओल असूनही आकडा धाडकन खाली येतो. क्षारपड रानात किंवा खत सोडल्यावर तोच आकडा उगाच फुगू शकतो.

म्हणून बसवताना त्याच खड्ड्यातल्या मातीची राबडी करून ओता, पोकळी राहू देऊ नका. एक सेन्सर वीतभर खोल, दुसरा दीड फुटावर. एक-दोन पाणी होईपर्यंत आकडे नुसते बघा, निर्णय घेऊ नका.

खरी गंमत आलेखात आहे. दर १५ मिनिटांनी नोंद म्हटली तर दिवसाला ९६ आकडे होतात, ते वाचत बसायचे नसतात. फाईल एक्सेलमध्ये उघडून रेघ काढा. वरच्या सेन्सरची रेघ दिवसा उतरते, रात्री जवळजवळ सपाट राहते. जिन्यासारखी. दिवसा मुळं पाणी ओढतात त्याची ही पायरी. ऊन तेवढंच असून पायऱ्या लहान होत चालल्या, तर मुळांना पाणी ओढणं जड जातंय. ठिबक बंद केल्यावर खालची रेघ दर वेळी वर चढत असेल, तर पाणी मुळांखाली चाललंय, आणि बरोबर तुमचं विद्राव्य खतही.

आता प्रयोग. "गेल्या वर्षीपेक्षा पाणी वाचलं" हा हिशेब आम्ही धरत नाही, दोन वर्षांचा पाऊस कुठे सारखा असतो? एकाच प्लॉटमध्ये चार ओळी नेहमीच्या पद्धतीने, चार ओळी सेन्सर बघून, असे आलटून पालटून निदान तीन-चार पट्टे ठेवा. प्रत्येक पद्धतीला वेगळा व्हॉल्व्ह आणि पाण्याचं मीटर हवं. बांधाकडच्या ओळी मोजू नका. काढणीला प्रत्येक पट्ट्याचा माल वेगळा तोला. एका पट्ट्यात फरक दिसला तर तो रानाचा असू शकतो, सगळ्या पट्ट्यांत दिसला तर पद्धतीचा मानायला जागा आहे.

पाणी कमी करायची घाई फुलोऱ्यात आणि मणी फुगताना करू नका. तिथे चुकलं तर वाचलेलं पाणी मालाच्या वजनातून वसूल होतं.

ॲपमधली फाईल आणि मीटरच्या नोंदींची वही घेऊन कार्यालयात या, कॉम्प्युटरवर आलेख काढून देऊ. फक्त स्क्रीनशॉट पाठवू नका, त्यावरून हिशेब करता येत नाही.