नव्या यंत्रावर जुनीच प्रणाली

अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची जडणघडण सुरू केली, तेव्हापासून या घराण्यातील संगणकप्रणालींनी, आजच्या लिनक्सनेही, आपले जवळजवळ सारे काही फाइलींमध्ये ठेवले आहे. विंडोजच्या रजिस्ट्रीसारखे मध्यवर्ती दप्तर तेथे नसल्यामुळे चालती प्रणाली एका यंत्रावरून उचलून दुसऱ्यावर बसवणे ही मुळात फाइली नीट उतरवून घेण्याची बाब ठरते.

त्यासाठीची ‘डीडी’ ही जुनी आज्ञा डिस्कवरील प्रत्येक बाइट, रिकाम्या जागेसह, जसाच्या तसा उतरवते. त्यामुळे नवी डिस्क निदान तेवढीच मोठी असावी लागते, आणि एक टेराबाइटच्या डिस्कवर मजकूर शंभर गीगाबाइटच असला तरी वेळ पूर्ण टेराबाइटचा लागतो. शिवाय या आज्ञेत ‘आयएफ’पुढे कोठून आणि ‘ओएफ’पुढे कोठे हे लिहायचे असते, त्यांची अदलाबदल झाली, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर निमूटपणे उतरते.

यंत्रच बदलायचे असेल, तर नव्या डिस्कवर आधी विभाग पाडून मग ‘टार’ने किंवा १९९६ साली अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी आणलेल्या ‘आरसिंक’ने फाइली नेणे अधिक कष्टाचे, पण अधिक शहाणपणाचे. फाइलीबरोबर तिची मालकी, परवानग्या आणि एकाच मजकुराला असलेली अनेक नावे, म्हणजे हार्ड लिंक, हेही जावे लागते. ‘प्रॉक’ आणि ‘सिस’ या फोल्डरांतील मजकूर मात्र कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, चालू असताना स्वतःच निर्माण करतो, म्हणून तो वगळायचा. चालत्या डेटाबेसची नक्कल अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत पकडली जाण्याचा धोका असल्याने हे काम पेनड्राइव्हवरून वेगळी प्रणाली सुरू करून केलेले बरे.

खरी अडचण येते ती नवे यंत्र सुरू करताना. ‘एफएसटॅब’ या फाइलीत डिस्कच्या विभागांची नोंद बहुधा यूयूआयडी या लांबलचक ओळखक्रमांकाने असते आणि नव्याने तयार केलेल्या विभागाचा क्रमांक वेगळा असल्यामुळे ती दुरुस्त करावी लागते. सुरुवातीचे ड्रायव्हर जीत बांधलेले असतात ती ‘इनिटरॅमएफएस’ ही पुरचुंडी काही वितरणांत केवळ जुन्या यंत्रापुरतीच बांधलेली असते. तीही पुन्हा बांधून, प्रणालीला जागे करणारा बूटलोडर नव्या डिस्कवर बसवावा लागतो.

जुने यंत्र निवृत्त होणार नसेल, तर आणखी एक गुंता उरतो. यंत्राची ओळख सांगणारी ‘मशीन-आयडी’ ही फाइल आणि दुरून सुरक्षितपणे जोडणाऱ्या एसएसएचच्या यजमान-किल्ल्या नकलेबरोबर आल्याने दोन यंत्रे एकाच ओळखीने वावरू लागतात व काही मांडण्यांमध्ये नेटवर्कवर दोन्ही एकच पत्ता मागतात. अशा वेळी ‘मशीन-आयडी’ची फाइल रिकामी करून ठेवली, की पुढच्या वेळी सुरू होताना नवे यंत्र आपली नवी ओळख तयार करते, यजमान-किल्ल्या मात्र स्वतंत्रपणे नव्याने बनवाव्या लागतात.