संगणकाची शाकारणी

ऑक्टोबर महिना होता. आमच्याकडे, वाशीम जिल्ह्यात, सोयाबीनची सोंगणी चालू होती. आमच्या शाळेतील दहावीची एक विद्यार्थिनी आपल्या वडिलांबरोबर एका सेवा केंद्रावर आली होती. शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. वडिलांनी त्यासाठी एका दिवसाची मजुरी सोडली होती. मीही मदतीला सोबत गेलो होतो. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. नाव, पत्ता, बँकेचा खाते क्रमांक, सगळे भरून झाले. आता शेवटचे बटण दाबायचे तेवढे राहिले होते. इतक्यात पडदा बदलला. 'अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका', अशा अर्थाची अक्षरे त्यावर दिसू लागली.

आम्ही वाट पाहिली. दहा टक्के, बारा टक्के, पुन्हा बारा टक्के! "सर, फॉर्म गेला का?" असे मुलीच्या वडिलांनी मला दोनदा विचारले. मला उत्तर देता येईना. वीस मिनिटांनी केंद्रचालकाचा धीर सुटला. त्याने बटण दाबून धरले आणि संगणक बंद केला. पुन्हा सुरू केल्यावर तो अर्धवट बदल मागे घेऊ लागला. आता आणखी वेळ लागणार हे उघड होते. शेवटी आम्ही दुसऱ्या केंद्रावर गेलो आणि पहिल्यापासून सगळे भरले. रात्री साडेनऊला पोचपावती हाती आली, तेव्हा कुठे त्या मुलीच्या चेहऱ्यावर हसू आले.

दुसऱ्या दिवशी तो केंद्रचालक मला भेटला. तो म्हणाला, "सर, आता हे अपडेट कायमचंच बंद करून टाकतो. ना राहील बांस, ना बजेगी बांसुरी!" त्याचा राग मला समजत होता. पण त्याचा उपाय बरोबर होता का?

आधी अपडेट म्हणजे काय ते पाहू. संगणक सुरू केल्यावर जो मुख्य कार्यक्रम इतर सर्व कार्यक्रमांना कामाला लावतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. आपल्याकडील बहुतेक शाळांत आणि केंद्रांत विंडोज नावाची कार्यप्रणाली असते. ती माणसांनीच लिहिलेली आहे, म्हणून तिच्यात चुका राहतात. काही चुका साध्या असतात. पण काही चुका छपरातील छिद्रासारख्या असतात. त्या छिद्रातून चोर आत येऊ शकतो. अशी छिद्रे सापडली की कंपनी ती बुजवणारे तुकडे पाठवते. हेच अपडेट. विंडोजची सुरक्षा अपडेट्स 2003 सालापासून साधारणपणे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. अमेरिकेत तेव्हा सकाळ असते, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा. म्हणजे आपल्या संगणकांपर्यंत ती बहुधा बुधवारी पोहोचतात.

मग संगणक बंद करून पुन्हा सुरू का करावा लागतो? चालत्या बैलगाडीचे चाक बदलता येत नाही, म्हणून! कार्यप्रणालीचा जो भाग कामात आहे, तो काम थांबल्याशिवाय बदलता येत नाही.

आता केंद्रचालकाच्या उपायाकडे वळू. 14 मार्च 2017 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक मोठे छिद्र बुजवणारे अपडेट दिले. अनेकांनी ते बसवले नाही. दोनच महिन्यांनी, 12 मे 2017 रोजी, 'वॉनाक्राय' नावाचा घातक कार्यक्रम त्याच छिद्रातून जगभर पसरला. सुमारे 150 देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांना त्याची बाधा झाली. तो संगणकातील फाइली कुलूपबंद करायचा आणि त्या सोडवण्यासाठी पैसे मागायचा. ब्रिटनमध्ये कित्येक रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्यांनी मार्चमधले अपडेट वेळेवर बसवले होते, त्यांच्या संगणकांत त्याला त्या छिद्रातून शिरता आले नाही.

जून महिन्यात अशीच आपत्ती थेट महाराष्ट्रात आली. 27 जून 2017 रोजी 'नॉटपेट्या' नावाच्या कार्यक्रमाने मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक बंद पाडले. रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. तेथील एक टर्मिनल मर्स्कच्या उद्योगसमूहाकडे होते. त्याचे काम ठप्प झाले. कोणता कंटेनर कुठे ठेवला आहे, हे संगणकच सांगत असे. तोच मुका झाला. पुढे मर्स्कला सुमारे 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले. नॉटपेट्याही पसरण्यासाठी जी छिद्रे वापरत होता, त्यांत ते मार्चमधले छिद्र होते.

पण गोष्ट इतकी सरळ नाही. नॉटपेट्या पहिल्यांदा आत शिरला तो युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच! कोणीतरी त्या अपडेटमध्येच विष कालवले होते. दुसरा प्रसंग 19 जुलै 2024 चा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले. त्या दिवशी आपल्या देशातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. म्हणजे अपडेट आले की डोळे मिटून त्याच क्षणी बसवावे, असेही नाही.

आपल्या खेड्यांत अजून कौलारू घरे आहेत. मृग लागण्यापूर्वी लोक घर शाकारतात. ज्या दिवशी घरात निकाह असेल, त्या दिवशी कोणी कौले उतरवत नाही. पण म्हणून घर शाकारायचेच नाही, असेही कोणी म्हणत नाही. दिवस आपण ठरवायचा. त्या केंद्रचालकाला मी हेच सांगितले आणि दोघे मिळून त्याच्या संगणकापुढे बसलो.

'सेटिंग्ज' उघडून 'विंडोज अपडेट'वर गेलो. तेथे 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' म्हणजे कामाचे तास असतात. त्या तासांत संगणक अपडेटसाठी आपण होऊन बंद होत नाही. त्याच्या संगणकात सकाळी आठ ते संध्याकाळी पाच ही वेळ होती आणि केंद्र तर रात्री नऊपर्यंत चालते! संगणकाच्या समजुतीप्रमाणे साडेसहाला दुकान बंद झालेले होते. हे तास अठरापर्यंत वाढवता येतात. आम्ही सकाळी आठ ते रात्री दहा असे ठेवले. मग मला आणखी एक गोष्ट कळली. 'संगणक पुन्हा सुरू करायचा आहे', अशी सूचना चार दिवसांपासून येत होती आणि तो न वाचताच ती घालवत होता. खरे सांगायचे तर मीही घरी तेच करतो.

अर्जांचा हंगाम असेल तेव्हा 'पॉज अपडेट्स' हे बटण कामी येते. त्याने अपडेट एका वेळी पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येते. ती मुदत संपली की आधी राहिलेले अपडेट बसवावे लागते, मगच पुन्हा थांबवता येते. मोबाइलवरून इंटरनेट घेत असाल, तर त्या जोडणीला 'मीटर्ड कनेक्शन' अशी खूण करावी. मग बहुतेक मोठी अपडेट्स त्यावरून आपोआप उतरत नाहीत आणि दिवसाचा डेटा सकाळीच संपत नाही.

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात अडचण वेगळी होती. इंटरनेट मंद आणि संगणक बारा! प्रत्येक संगणक तेच अपडेट वेगवेगळे उतरवून घ्यायचा. विंडोजमध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' नावाची एक सोय आहे. तिच्यामुळे एका संगणकाने उतरवलेले तुकडे त्याच कक्षातील इतर संगणकांना मिळतात. शाळेची मोफत पाठ्यपुस्तके आणायला तालुक्याला एकच शिक्षक जातो, सगळा वर्ग जात नाही, तसेच हे.

ज्या संगणकांत विंडोज 10 आहे, त्यांच्याविषयी मात्र निराळा विचार करायला हवा. त्या आवृत्तीचा नियमित मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. तेथे अपडेट केव्हा बसवावे हा प्रश्नच मागे पडतो. जुन्या संगणकावर विंडोज 11 चालत नसेल, तर लिनक्ससारखी मोफत कार्यप्रणाली बसवता येते. तिच्यातही अपडेट येतातच.

अपडेट चालू असताना वीज गेली तर? आपल्याकडे हे नेहमीचेच आहे. बहुतेक वेळा संगणक बदल मागे घेऊन सावरतो, पण दर वेळी सावरेलच असे नाही. म्हणून लॅपटॉप चार्जरला लावावा, मोठ्या संगणकाला यूपीएस असावा. त्याआधी आपले काम जतन करावे आणि महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. आणखी एक सावधगिरी. इंटरनेट पाहताना मध्येच 'तुमचा संगणक धोक्यात आहे, येथे अपडेट करा' अशी चौकट उघडली, तर तिच्यावर बोट ठेवू नका. विंडोजचे खरे अपडेट 'सेटिंग्ज'मधूनच बसवावे.

आमच्या कक्षासाठी आम्ही शुक्रवार निवडला. जुम्याच्या नमाजसाठी त्या दिवशी शाळा लवकर सुटते आणि दुपारी कक्ष रिकामा असतो. दुसऱ्या मंगळवारच्या आदल्या दिवशी, सोमवारी, कक्षप्रमुख विद्यार्थी सर्व संगणकांवर अपडेट आठवडाभरासाठी थांबवतो. मधल्या दिवसांत त्या अपडेटने कुठे गोंधळ केल्याची बातमी आली, तर तो मला येऊन सांगतो. बातमी नसेल, तर शुक्रवारी शाळा सुटताच तो 'रिझ्यूम अपडेट्स' दाबतो. कक्षाच्या दारावर तो खडूने उर्दूत आणि खाली मराठीत लिहितो, 'अपडेट चालू आहे. बटणाला हात लावू नये.' नमाजहून परत येईपर्यंत बारापैकी नऊ-दहा संगणक तयार झालेले असतात.