शेजाऱ्याच्या अंगणात परांची

पावसाळा जवळ आला की कोकणात घरांच्या डागडुजीची घाई सुरू होते. फुटलेली कौले बदलतात, पन्हळी साफ करतात, भिंतींना गिलावा करतात. रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील तळोजा हे असेच पावसाच्या प्रदेशातील जुने गाव. गावाजवळून कासाडी नदी वाहते. पुढे येथे मोठी औद्योगिक वसाहत झाली. सिडकोने आखलेल्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या. २०१६ साली पनवेल महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा तळोजाही तिच्या हद्दीत आले. नव्या इमारतींभोवती मोकळी जागा सोडावी लागते. जुन्या गावठाणात मात्र घरे एकमेकांना खेटून असतात. एकाची भिंत संपते, तेथेच दुसऱ्याचे अंगण सुरू होते.

समजा, तुमचे घर अशा गावठाणात आहे. मागच्या भिंतीला तडा गेला आहे. तो बुजवायचा तर गवंड्याला बाहेरून परांची बांधावी लागेल. परांची म्हणजे उंचावर काम करण्यासाठी बांबू व फळ्यांचा केलेला माळा. पण भिंतीच्या बाहेर तर शेजारच्या काकांचे अंगण! काका म्हणतात, “माझ्या जागेत पाऊल टाकायचे नाही.” भिंत तुमची, जागा त्यांची. मग कायदा काय सांगतो?

पहिली गोष्ट अशी की, जमिनीच्या मालकाला आपल्या जमिनीत कोणाला येऊ द्यावे आणि कोणाला नाही, हे ठरवण्याचा हक्क आहे. ‘आमचे काम अडले आहे’ एवढ्या कारणाने कोणालाही शेजाऱ्याच्या जागेत घुसता येत नाही. इंग्लंड आणि वेल्स येथे यासाठी १९९२ साली एक खास कायदा झाला. घराच्या दुरुस्तीसाठी शेजारी वाट देत नसेल, तर तेथे न्यायालयाकडे अर्ज करता येतो. न्यायालय ठराविक दिवसांसाठी आत जाण्याची परवानगी देऊ शकते. आपल्या देशात घरांच्या दुरुस्तीसाठी असा सर्वसाधारण कायदा नाही. आपल्याकडे आधार आहे तो १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याचा. हा कायदा १८९१ साली मुंबई इलाख्याला लागू झाला आणि आजही चालू आहे.

‘सुविधाधिकार’ हा शब्द अवघड वाटतो, पण अर्थ सोपा आहे. आपली मिळकत नीट वापरता यावी म्हणून दुसऱ्याच्या मिळकतीवर जो मर्यादित हक्क मिळतो, तो सुविधाधिकार. लोक त्याला ‘वहिवाटीचा हक्क’ म्हणतात. शेजाऱ्याच्या जागेतून जाण्याची वाट, त्याच्या जमिनीखालून आणलेला पाण्याचा नळ किंवा सांडपाण्याची मोरी ही त्याची उदाहरणे. असा हक्क करारपत्राने मिळू शकतो. तो दीर्घ वापरानेही मिळतो. खाजगी जमिनीवर एखादी वाट वीस वर्षे उघडपणे, शांततेने, खंड न पडता आणि हक्क म्हणून वापरली, तर तो हक्क कायदा मान्य करतो.

ज्याला असा हक्क आहे, त्याला दुरुस्तीचाही हक्क मिळतो. कायद्याच्या २४ व्या कलमात याची उदाहरणे दिली आहेत. तुमचा नळ शेजाऱ्याच्या जमिनीतून हक्काने आला असेल आणि तो फुटला, तर तुम्ही आत जाऊन जमीन खणू शकता. मात्र काम झाल्यावर जमीन पूर्वी होती तशी करून दिली पाहिजे. २५ वे कलम सांगते की, हा खर्च हक्क वापरणाऱ्याने करायचा. शेजाऱ्याला कमीत कमी त्रास होईल अशाच रीतीने हक्क वापरायचा, हेही याच कायद्यात आहे. म्हणजे हक्काबरोबर जबाबदारीही आली.

आता तुमच्या भिंतीकडे परत येऊ. येथे नळ नाही, मोरी नाही, जुनी वाटही नाही. फक्त पंधरा दिवस परांची उभी करायची आहे. अशा वेळी सरळ मार्ग एकच, तो म्हणजे शेजाऱ्याची परवानगी. उर्दूत तुम्ही तिला ‘इजाजत’ म्हणता.

पण काका परवानगी का देत नाहीत? पुष्कळदा त्यामागे राग नसतो, भीती असते. “आज आत येऊ दिले, तर उद्या हे लोक येथे हक्क सांगतील,” असे त्यांना वाटते. ही भीती खरी आहे का? नाही. कायदा नेमके उलट सांगतो. परवानगी घेऊन केलेला वापर हा हक्काचा वापर नव्हे. तो कितीही वर्षे चालला, तरी त्यातून वहिवाटीचा हक्क तयार होत नाही. कायद्याच्या १५ व्या कलमातील एक उदाहरण पाहा. एका माणसाने दुसऱ्याच्या जमिनीतील वाट वीस वर्षे वापरली आणि हक्कासाठी दावा केला. पण त्या काळात त्याने एकदा मालकाची परवानगी मागितली होती, असे सिद्ध झाले, तर त्याचा दावा फेटाळला जातो. म्हणून जो शेजारी परवानगी मागतो, तो मालकाचा हक्क हिरावून घेत नाही. उलट, तो हक्क मान्यच करतो!

ही परवानगी लेखी असावी. साधा कागद पुरतो. काम कोणते, ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालेल, कामगार किती वाजता येतील, वाळू व विटा कोठे ठेवल्या जातील, हे त्यात लिहावे. अंगणातील फरशी फुटली किंवा झाड मोडले, तर भरपाई कोण देईल, हेही लिहावे. काम संपल्यावर अंगण झाडून, धुऊन देण्याचे कबूल करावे. खाली दोघांनी सह्या कराव्यात. मालक अशी परवानगी साधारणपणे मागे घेऊ शकतो. तरीही सामान हलवण्यासाठी त्याने वाजवी वेळ दिला पाहिजे.

हक्क असूनही शेजारी अडवत असेल तर? तरीसुद्धा कुंपण तोडू नये. अडथळा स्वतः दूर करण्यास याच कायद्याच्या ३६ व्या कलमाने मनाई केली आहे. त्यासाठी दिवाणी न्यायालयात दाद मागावी. शेतीच्या पाण्यासाठी वेगळी सोय आहे. दुसऱ्याच्या जमिनीतून पाट न्यायचा असेल आणि समजुतीने जमले नाही, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. तेथेही नुकसानभरपाई द्यावी लागते.

नवीन घर बांधणाऱ्यानेही एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्या भिंतीची दुरुस्ती आपल्याच जागेत उभे राहून करता येईल, एवढी जागा सोडावी. पाया खणताना शेजारची माती ढासळू देऊ नये. शेजारच्या जमिनीला आपल्या जमिनीचा आधार मिळणे हा तिच्या मालकाचा हक्कच आहे.

उर्दूत शेजाऱ्याला ‘हमसाया’ म्हणतात. हमसाया म्हणजे एकाच सावलीत राहणारा. शेजाऱ्याने आपल्या भिंतीत तुळई बसवली, तर त्याला मना करू नये, अशी शिकवण एका प्रसिद्ध हदीसमध्ये आहे. न्यायालयाचा निकाल येईपर्यंत एखादा पावसाळा निघून जातो आणि तडा मोठा होतो. तेवढ्या वेळात दोन घरांतील बोलणेही बंद होते. म्हणून गवंडी बोलावण्याआधी शेजाऱ्याच्या दारी जा. “काका, मागची भिंत दुरुस्त करायची आहे. पंधरा दिवस तुमच्या अंगणात परांची बांधू का? लिहून देतो,” असे म्हणा. मागणाऱ्याचा मान जात नाही आणि देणाऱ्याची जमीनही जात नाही.