श्योनाक, इंटिग्रेज आणि आपली भस्मे

दशमुळातील श्योनाक, म्हणजे आपला टेंटू, वैद्यांस शोथहर म्हणून सुपरिचित आहे. त्याच्या सालीत बायकॅलेइन नावाचे फ्लेव्होनॉइड असते. हेच द्रव्य रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या विषाणूविकरास रोखते, असे १९८९ साली जपानी व फ्रेंच संशोधकांनी परीक्षानळीत दाखविले. २००८ चे नोबेल मिळविणाऱ्या फ्रान्स्वाज बारे-सिनुसी त्यांत होत्या. अशी वार्ता वाचली की ‘एड्सचे औषध आपल्या दशमुळारिष्टात आहेच’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा, असे आमचे मत आहे.

परीक्षानळीत क्वेर्सेटिनसारखी फ्लेव्होनॉइडे पुष्कळच विकरांना अडवितात. मानवी पेशींतील डीएनए पॉलिमरेजेसही त्यांतून सुटत नाहीत. शिवाय पोटात गेल्यावर आतडे व यकृत त्यांचे रूप पालटून टाकतात आणि मूळ रूपात ती रक्तात अत्यल्प पोहोचतात. एकही फ्लेव्होनॉइड एचआयव्हीवरील मान्यताप्राप्त औषध झालेले नाही. यात टेंटूचा काही दोष नाही. काढ्याचे गुण आणि एका रेणूचे गुण यांची गल्लत मात्र होऊ नये.

आम्हांस अधिक मोलाची वाटते ती इंटिग्रेजची कथा. विषाणूचा जनुकांश आपल्या पेशीच्या डीएनएत बसविणाऱ्या या विकरास मॅग्नेशियमचे आयन लागतात. काही फ्लेव्होनॉइडांच्या अंगी शेजारशेजारच्या ऑक्सिजन अणूंनी धातू धरून ठेवण्याचा गुण आहे. त्याच प्रकारची पकड घेऊन डोल्युटेग्राव्हिर हे औषध इंटिग्रेज बंद पाडते. शासकीय एआरटी केंद्रांतून मिळणाऱ्या टीएलडी गोळीतील ‘डी’ तेच.

आता ही पकड पोटातही चालते, हे ध्यानी घ्यावे. कॅल्शियम वा लोह यांच्याशी जखडलेले डोल्युटेग्राव्हिर नीट शोषले जात नाही. म्हणून रिकाम्या पोटी ते अशा पूरकांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावे, असा निर्देश आहे. जेवणासोबत दोन्ही एकत्र चालतात. शंखभस्म, कपर्दिकभस्म, प्रवाळ यांत कॅल्शियम आणि लोहभस्म, मंडूर यांत लोह असते; आणि आपण ती मधातुपातून सकाळी अनशेपोटी देतो! पांडुरोगाच्या तक्रारीने आलेला रुग्ण टीएलडीविषयी संकोचाने बोलत नाही. तेव्हा वैद्यांनी ‘दुसरी कोणती गोळी चालू आहे?’ हे एकांतात विचारावे, होकार आल्यास भस्माची वेळ वरीलप्रमाणे ठरवावी आणि एआरटी बंद करण्यास कदापि सांगू नये. औषधविक्रेत्यांनीही मंडूरवटी देताना हीच पृच्छा इतर गिऱ्हाइकांच्या कानी न पडेल अशा बेताने करावी.