डोळा एकदाच कापता येतो

सप्टेंबर लागला की निफाड, दिंडोरीकडच्या द्राक्षपट्ट्यात काडी तपासणीची धांदल उडते. फळांसाठीची गोडी छाटणी तोंडावर आलेली असते आणि काडी कितव्या डोळ्यावर कापायची हे ठरल्याशिवाय कात्रीला हात लावता येत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत डोळ्याच्या आत सूक्ष्मघड धरलेला असतो, किंवा नसतो. बाहेरून सगळे डोळे सारखेच फुगीर. म्हणून प्लॉटमधल्या निवडक काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून, चिठ्ठी बांधून तपासणीला येतात.

अशाच एका तपासणीच्या टेबलाशेजारी मी स्टूल ओढून बसलो होतो. तपासणाऱ्या ताईंनी काडीवरचा पाचवा डोळा सुरीच्या टोकानं उचलला, वरचे तपकिरी खवले काढले, आतली लव बाजूला केली आणि पाण्याचा थेंब सोडून ब्लेडनं पातळ काप घ्यायला सुरुवात केली. त्यांनी मलाही मायक्रोस्कोपमध्ये पाहू दिलं. मधोमध मुख्य डोळा, दोन्ही अंगांना दोन राखीव. मुख्य डोळ्याच्या शेंड्यालगत फिकट हिरवट, खडबडीत उंचवटा दिसला तर तो घड. गुळगुळीत, दुभंगलेला दिसला तर बाळी, म्हणजे घडाऐवजी येणारा तणावा. सगळं काळपट असेल तर डोळा मेलेला. ताई पुटपुटत होत्या, "पाचवा घड, सहावा घड, सातवा बाळी," आणि शेजारचा मुलगा तक्त्यात खुणा करत होता.

काडी घेऊन आलेले दादा अस्वस्थ झाले. सातवा डोळा सबकेनच्या, म्हणजे शेंडा खुडून फुटलेल्या उपकाडीच्या, गाठीजवळचा, त्यांची सगळी भिस्त त्यावर. "ताई, तो जरा दुसऱ्या अंगानं कापून बघा ना."

"दादा, आता काय कापू? भुगा झाला त्याचा."

जीवशास्त्रातली ही फार जुनी अडचण आहे. आतलं पाहायचं तर कापावं लागतं. कापलं की वस्तू जाते, आणि पाहिलेलं राहतं ते पाहणाऱ्याच्या डोक्यात. एकोणिसाव्या शतकात भ्रूणाचा अभ्यास करणाऱ्यांनी यावर खटपटी उपाय काढला. १८८३ साली गुस्ताव बॉर्न यांनी मेणाच्या पत्र्यांची पद्धत मांडली : प्रत्येक कापाचं मोठं केलेलं चित्र मेणाच्या पत्र्यावर उतरवायचं, आकार कापून काढायचा आणि पत्रे क्रमानं एकावर एक रचायचे. डोळ्याला न दिसणारा भ्रूण हातात धरता येऊ लागला. जर्मनीत फ्रायबर्ग इथल्या झीगलर यांच्या कार्यशाळेतून असे मेणाचे भ्रूण दूरदूरच्या विद्यापीठांत जात. त्रिमितीय माहितीची देवाणघेवाण तेव्हाही चालायची, फक्त ती पेटीतून आणि जपून न्यावी लागे.

पुढे सुरीची जागा क्ष-किरणांनी घेतली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानं पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. तेच तत्त्व मायक्रो-सीटीमध्ये मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत उतरतं. द्राक्षवेलही त्यातून सुटली नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कले इथल्या सिंक्रोट्रॉन या प्रखर क्ष-किरणांच्या यंत्रावर जिवंत वेलीच्या खोडात, हवा शिरून बंद पडलेल्या जलवाहिन्या पुन्हा पाण्यानं कशा भरतात, हे वेल न कापता पाहिलं गेलं. तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला.

यंत्रातून शेवटी जे हाती येतं ते मात्र पुन्हा कापच असतात. फिजी नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये नमुन्यादाखल माणसाच्या डोक्याचा एक एमआरआय दिलेला आहे, १२९ कापांचा. तो घरी उघडून पाहिला. किती उजळ ठिपक्यांपासून पुढचे दाखवायचे हे ठरवणारी उंबरठ्याची पट्टी डावीकडे ठेवली तर कातडी, नाक, कान दिसतात. उजवीकडे सरकवत नेली की चेहरा विरत जातो आणि आतल्या घड्या वर येतात. आकडे तेच, चित्र मात्र पट्टी सरकवणाऱ्याचं. म्हणजे छापून आलेलं देखणं त्रिमितीय चित्र ही कुणाची तरी निवड असते. दोन कापांमधलं अंतर सोबत नोंदलेलं नसेल, तर तेच डोकं चेपलेलं किंवा ताणलेलं दिसतं आणि त्यावरून काढलेली मापंही खोटी ठरतात.

दवाखान्यातल्या स्कॅनबाबत हे बरंचसं सुटलं आहे. नाशिकला काढलेल्या सीटीची सीडी मुंबईच्या डॉक्टरांकडे नेली तरी उघडते, कारण १९९३ पासून डायकॉम हे एकच मानक चालतं आणि मापं फाइलमध्येच असतात. संशोधनातल्या मायक्रोस्कोपचं तसं नाही. ज्या कंपनीचं यंत्र, तिचीच फाइल. बायो-फॉरमॅट्स नावाच्या दुभाष्या सॉफ्टवेअरला दीडशेहून जास्त प्रकार वाचावे लागतात, यावरून गोंधळ कळावा. त्यात आकार : दोन हजार काप, प्रत्येक दोन हजार बाय दोन हजार ठिपक्यांचा, ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे एका नमुन्याचे १६ जीबी. म्हणून आता ओएमई-झार या स्वरूपात माहिती लहान तुकड्यांत आणि वेगवेगळ्या बारकाईच्या थरांत ठेवतात. ऑनलाइन नकाशाप्रमाणे, जिथे पाहायचं तेवढाच तुकडा उतरतो.

उघड्या साठ्यांचा फायदा दिसू लागला आहे. अमेरिकेतल्या ओव्हर्ट प्रकल्पानं संग्रहालयांतल्या १३ हजारांहून जास्त पृष्ठवंशी नमुन्यांचे सीटी काप खुले केले; बरणीतला बेडूक न फोडता त्याचा सांगाडा कुठेही पाहता येतो. आपल्याकडे आयआयटी मद्रासनं डिसेंबर २०२४ मध्ये 'धरणी' हा मानवी गर्भाच्या मेंदूचा नकाशा खुला केला, ५,१३२ कापांचा. इथे सुरी खरोखर चालली, पण प्रत्येक काप क्रमानं जपला गेला.

काडी तपासणीला मायक्रो-सीटी परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. मायक्रोस्कोपला कॅमेरा लावून शेवटच्याच नव्हे, प्रत्येक कापाचा फोटो घ्यावा. त्यावर मोजपट्टी, जात, खरड छाटणीची तारीख, काडी सरळ की सबकेनची आणि डोळ्याचा क्रमांक असावा. आणि तो व्हॉट्सॲपवर दाबून बारीक न करता मूळ आकारात ठेवावा. तपासणीत घड दिसला आणि छाटणीनंतर बागेत जिरला, तर डोळा वाचताना चूक झाली की पुढे पाऊस आणि ढगाळ हवा नडली, हा वाद दरवर्षी तोंडातोंडीच राहतो. काप जपलेले असतील तर तिसऱ्या माणसाला ते पुन्हा पाहून सांगता येईल की सातव्या डोळ्यात होती ती बाळीच होती का.