जुन्या घराचे छप्पर आणि ठरलेली किंमत

जुने कौलारू घर घ्यावयाचे ठरते, किंमतही तोंडी ठरते, आणि मग कोणी जाणता शेजारी विचारतो, "अहो, छप्पर नीट पाहिलेत का?" त्या एका प्रश्नाने घरातील मंडळींची झोप उडते. ठरलेली किंमत पुन्हा बोलावी, तर शब्द फिरविल्यासारखे होते. न बोलावी, तर आयुष्याची पुंजी पहिल्याच पावसात भिजावयाची भीती. खानापूर, चंदगडकडच्या मुसळधार पावसाच्या भागात ही भीती अनाठायी नव्हे.

प्रथम कौलांविषयी. मंगळुरास बासेल मिशनने १८६५ साली कारखाना काढला, तेव्हापासून मंगलोरी कौले आपल्याकडे रूढ झाली. चांगले भाजलेले कौल पिढ्यान्‌पिढ्या टिकते. दहावीस कौले फुटली असतील, काहींवर शेवाळ असेल, तर तो दर उन्हाळ्यातील शाकारणीचा खर्च होय. तेवढ्यासाठी किंमत पुन्हा काढणे शोभत नाही.

खरी परीक्षा लाकडाची. शंभर चौरस फुटांस सुमारे १५० कौले लागतात. एकेक कौल अडीच किलोचे धरले, तर पावणेचारशे किलोंचा भार झाला, आणि भिजल्यावर तो वाढतो. घरापासून दूर उभे राहून आढ्याची रेघ पाहावी. ती मध्येच खाली दबलेली दिसली, तर आतले लाकूड वाकले आहे असे समजावे. मग शिडी लावून वाशांची भिंतीवर टेकलेली टोके पाहावीत; ओल तेथेच मुरते. दाभण टोचावा. तो सहज आत गेला, तर वासा कुजला. खाली पिठासारखा भुसा दिसल्यास भुंगा, मातीच्या रेघा दिसल्यास वाळवी. चुलीवरचे काळे वासे पाहून मात्र बिचकू नये. ते पुष्कळदा घरातील सर्वांत धडधाकट निघतात! उलट, एकाच खोलीला ताजा चुना दिलेला असेल, तर त्यामागे ओलीचे डाग नाहीत ना, हे अवश्य विचारावे.

कायदाही येथे उपयोगी पडतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या ५५व्या कलमानुसार, विकणाऱ्यास ठाऊक असलेला, परंतु घेणाऱ्यास ठाऊक नसलेला व साधारण काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. डोळ्यांना दिसणारे दबलेले आढे या सवलतीत बसविणे कठीण. म्हणून पाहणी विसार देण्यापूर्वीच करावी.

दोष निघालाच तर किती मागावे? समजा, ४० वाशांपैकी ६ कुजले आहेत. तर त्या सहांचे लाकूड, वरील रिपा, कौले उतरवून पुन्हा चढविण्याची मजुरी, एवढेच मागावे; तेही सुताराकडून आकडा लिहून घेऊन. संपूर्ण नव्या छपराची रक्कम मागणे अन्यायाचे, कारण जुन्या घराची किंमत जुने म्हणूनच ठरलेली असते. छपराची अवस्था जाणून आधीच किंमत उतरविली असेल, तर दुसऱ्यांदा उतरवू नये. विकणारी एखादी विधवा असली तर मुळीच नाही. आढे किंवा मुख्य तुळई गेली असेल, तेव्हा मात्र संकोच नको. सारे छप्परच उतरवावे लागते. विकणाऱ्यास शिडीवर सोबत नेऊन दोष दाखवावा, आणि जे ठरेल ते, रक्कम कमी करणे असो वा पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती करून देणे असो, मुदतीसह साठेखतात लिहून घ्यावे.