पीज येथील दूरचित्रवाणी

दूरचित्रवाणीचा संच आतां घरोघरीं आहे. त्यांत दिसणारें चित्र कोणत्या गांवीं तयार झालें, कोणी केलें व कोणासाठीं केलें, हा प्रश्न मात्र फारच थोड्या प्रेक्षकांच्या मनांत येतो. कार्यक्रम मोठ्या शहरांत तयार व्हावयाचे आणि खेड्यांनीं ते मुकाट्यानें पाहावयाचे, अशी वहिवाटच पडून गेली आहे. ही वहिवाट मोडून एका जिल्ह्यास त्याच जिल्ह्याचे कार्यक्रम सुमारें दहा वर्षें दाखविणारें एक केंद्र आपल्या देशांत होऊन गेलें. त्याचा वृत्तांत आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस कळावा, म्हणून हा लेख लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हें केंद्र गुजराथेंतील खेडा जिल्ह्याचें होय. त्याचा प्रक्षेपक नडियादनजीकच्या पीज गांवीं होता व कार्यक्रम तयार करण्याचा स्टुडिओ अहमदाबादेस होता. त्याच्या जन्माची हकीकत समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे.

भारतांत दूरचित्रवाणीचा आरंभ दिल्लीस ता. १५ सप्टेंबर १९५९ रोजीं झाला. ता. २६ जानेवारी १९६७ पासून दिल्लीच्या आसपासच्या ८० खेड्यांसाठीं 'कृषिदर्शन' हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम सुरू झाला. मुंबईचें केंद्र ता. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं उघडलें. संच फार महाग असल्यामुळें तो घेण्याची ऐपत शहरांतील थोड्याच कुटुंबांस होती, आणि कार्यक्रमहि साहजिकच त्यांच्याच आवडीनिवडीचे होत. शहरापासून आरंभ करून खेड्यापर्यंत हळूहळू जावें, असें बहुतेकांचें मत होतें. विक्रम साराभाई ह्या शास्त्रज्ञांस मात्र हा क्रम उलटा करावासा वाटला. आकाशांत उपग्रह असला तर त्याच्या दृष्टीनें शहर व खेडें दोन्ही सारखींच; मग ज्यांस ज्ञानाची निकड अधिक, त्या खेड्यांपासूनच आरंभ कां करूं नये, असा त्यांचा विचार होता. इ. स. १९६९ मध्यें अमेरिकेच्या नासा ह्या संस्थेशीं तसा करार झाला. प्रयोग प्रत्यक्ष पाहणें साराभाईंच्या नशिबीं नव्हतें. ता. ३० डिसेंबर १९७१ रोजीं ते निवर्तले. कोल्हापुरांत जन्मलेले एकनाथ वसंत चिटणीस हे त्यांचे सहकारी. ह्या प्रयोगाच्या व्यवस्थेची धुरा पुढें त्यांनीं वाहिली, हें आम्हां मराठी वाचकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

उपग्रहाचें काम कसें चालतें, तें विद्यार्थ्यांसाठीं थोडक्यांत सांगतों. विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेविला, म्हणजे त्यास पृथ्वीभोंवतीं एक फेरी करण्यास जवळजवळ एक दिवस लागतो. तेवढ्याच वेळांत पृथ्वीहि स्वतःभोंवतीं फिरते. म्हणून खालून पाहणारास तो एकाच जागीं खिळल्यासारखा राहतो. जमिनीवरून त्याच्याकडे पाठविलेलें चित्र तो परत खालीं टाकतो, आणि एवढ्या उंचीवरून टाकलेलें तें चित्र अर्धा खंड व्यापूं शकतें. नासाचा ए. टी. एस.-६ हा उपग्रह इ. स. १९७५ मध्यें भारताच्या उपयोगासाठीं आफ्रिकेच्या माथ्यावर आणून ठेवण्यांत आला. ता. १ ऑगस्ट १९७५ पासून ता. ३१ जुलै १९७६ पर्यंत, म्हणजे बरोबर एक वर्ष, सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांस त्याच्या द्वारें कार्यक्रम दिसले. सकाळीं शाळेंतील मुलांसाठीं, संध्याकाळीं मोठ्यांसाठीं. खेड्यांतील अँटेना म्हणजे तीन मीटर व्यासाची एक उथळ परडी. ती ज्या जाळीची केली होती, ती कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसलीच साधी तारेची जाळी! आर्थर क्लार्क ह्या प्रसिद्ध लेखकांनीं अशा उपग्रहाची कल्पना इ. स. १९४५ मध्येंच मांडली होती. प्रयोगाच्या वर्षीं त्यांच्या कोलंबो येथील घरींहि एक अँटेना बसविण्यांत आली होती. आपली कल्पना आपल्याच छपरावर उतरलेली पाहण्याचें भाग्य किती लेखकांस लाभतें?

परंतु उपग्रहाचा जो गुण, तोच त्याचा दोषहि होता. राजस्थान, बिहार व मध्य प्रदेश ह्या तीन राज्यांतील खेड्यांस एकच हिंदी कार्यक्रम पाठवावा लागे. राजस्थानांतील बाजरीचा शेतकरी व बिहारांतील भाताचा शेतकरी ह्यांचें पीक निराळें, पाऊस निराळा, घरांतील बोलीहि निराळी. दोघांस पुरेल असा सल्ला द्यावयाचा, तर तो दोघांसहि अर्धवटच पुरणार.

खेडा जिल्ह्याची गोष्ट येथेंच वेगळी होती. तेथील संचांस उपग्रहाची अँटेना नव्हती. उपग्रहाचें चित्र अहमदाबादेच्या भूकेंद्रांत घेऊन तें पीज येथें पोंचविण्यांत येई व तेथील एक किलोवॅट शक्तीचा लहानसा प्रक्षेपक तें आसपासच्या गांवांस पुरवी. गांवांतील संच दुकानांत मिळतात तसे साधेच होते. आतां ह्या व्यवस्थेंतील खुबी पाहावी. मध्यें प्रक्षेपक असल्यामुळें दूरचें चित्र बंद करून अहमदाबादेच्या स्टुडिओंतील चित्र केव्हांहि लावतां येई. शिवाय प्रक्षेपकाची शक्ति थोडी, म्हणून त्याचें चित्र एका जिल्ह्यापलीकडे फारसें जात नसे. यंत्राचा पल्ला लहान असणें हें एरव्हीं उणेंपण मानतात. येथें मात्र आपण कोणाशीं बोलत आहों, हें बोलणारास पक्कें ठाऊक असे. उपग्रहाचा प्रयोग वर्षानें संपला व अमेरिकेचा उपग्रह निघून गेला, तरी खेड्याचें काम चालूंच राहिलें, तें ह्याच व्यवस्थेमुळें.

जिल्हाहि मोठा जागरूक. इ. स. १९१८ मध्यें गांधीजी व वल्लभभाई पटेल ह्यांनीं शेतसाऱ्याविरुद्ध सत्याग्रह केला तो येथेंच. इ. स. १९४६ मध्यें आणंद येथें दूध उत्पादकांचा सहकारी संघ स्थापन झाला. 'अमूल' हें त्याचें नांव आज लहान मुलांसहि पाठ आहे. जमीन सुपीक, तंबाखूचें पीक मोठें, आणि बागाईतदार सधन. परंतु त्याच शेतांवर राबणारे भूमिहीन मजूरहि होते, आणि त्यांचें घर सुपीक जमिनीमुळें भरत नव्हतें. सुमारें ४०० गांवांत ६०० हून अधिक सार्वजनिक संच ठेवण्यांत आले. त्यांपैकीं पुष्कळ दूध मंडळीच्या इमारतींत होते. ही जागा मोठ्या विचारानें निवडली असें आम्हांस वाटतें. दूध घालावयास माणूस सकाळ-संध्याकाळ तेथें यावयाचाच. एक म्हैस असलेलाहि येई व दहा असलेलाहि येई. आणि संध्याकाळचें दूध मापून झालें कीं कार्यक्रमाची वेळ होई.

कार्यक्रम तयार करणारी मंडळी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचीच होती. अग्निबाण व उपग्रह ह्यांच्या संस्थेनें गांवरान नाटकें करावीं, हें कित्येकांस चमत्कारिक वाटलें असेल. त्यांच्या कामाची रीति मात्र शास्त्रज्ञांस शोभेल अशीच होती. लेखकानें प्रथम खोलींत बसून संहिता लिहावी व मग ती खेड्यावर टाकावी, असें तेथें होत नसे. आधीं समाजशास्त्राचे अभ्यासक गांवांत जाऊन राहत. लोकांस काय ठाऊक आहे, काय नाहीं, कशाचें भय वाटतें, कोणती गोष्ट उघड बोलतात व कोणती झांकतात, हें टिपून घेत. मग त्यावरून कार्यक्रमाचा आराखडा होई. कार्यक्रम दाखविल्यावर पुन्हां गांवांत जाऊन तो समजला कीं नाहीं, ह्याची चौकशी होई. हातांतून नेतां येण्याजोगीं चित्रमुद्रणाचीं हलकीं यंत्रें त्यांनीं वापरलीं. स्टुडिओंतील भारी यंत्रांच्या मानानें त्यांचें चित्र कांहींसें अस्पष्ट असे. परंतु यंत्र शेताच्या बांधावर जाऊं शके, आणि गांवचा मनुष्य आपल्याच अंगणांत उभा राहून बोलूं शके. भाषा चरोतर भागांतील लोकांची, पुस्तकी गुजराथी नव्हे. पुष्कळदां नटहि गांवचेच असत.

विषय कोणते, असें कोणी विचारील. गुरांची निगा, चारा, पिकांवरील कीड, बाळंतिणीचें आरोग्य हे तर होतेच. दूध संघ, शेतकी संस्था व दवाखाने ह्यांचें त्यांत साह्य असे. परंतु तेवढ्यावर हें केंद्र थांबलें असतें, तर त्याचा इतिहास लिहिण्याचें कारण नव्हतें. 'चतुर मोटा' ही तेथील मालिका फार लोकप्रिय झाली. तींत हुंडा व विधवांचा पुनर्विवाह हे विषय गोष्टीच्या ओघांत आले होते. 'हवे न सहेवां पाप', म्हणजे 'आतां पाप सोसणार नाहीं', ह्या मालिकेचा रोख गांवांतील दुबळ्यांवर होणाऱ्या अन्यायावर होता. मजुरांचें वेतन, अस्पृश्यता, सरकारी कचेरींतील दिरंगाई हेहि विषय कार्यक्रमांत येत.

येथें वाचकांनीं क्षणभर ते दृश्य डोळ्यांपुढें आणावें. दूध मंडळीच्या ओट्यावर संच लाविलेला आहे. पुढें जमिनीवर मजूर बसले आहेत, मागें जमीनमालक उभा आहे. चित्रांत एक मजूर आपणांस ठरलेलें वेतन मिळत नाहीं, असें आपल्याच बोलींत सांगत आहे. दिल्लीहून एखाद्या मंत्र्यानें हेंच वाक्य उच्चारलें असतें, तर तें भाषण म्हणून दोघांनींहि ऐकून सोडून दिलें असतें. शेजारच्या गांवचा मनुष्य तें बोलतो, तेव्हां मागें उभ्या असलेल्यास तें झोंबतें आणि पुढें बसलेल्याची मान वर होते. दूरचित्रवाणीनें खेड्याचें दारिद्र्य गेलें, असा दावा आम्ही करीत नाहीं. एका संचानें जमिनीची वाटणी बदलत नसते. परंतु जी गोष्ट गांवांत कुजबुजीनें बोलली जाई, ती सर्वांच्या देखत मोठ्यानें बोलली गेली, हें थोडें झालें असें आम्हांस वाटत नाहीं.

अशा कामास अडचणी आल्याशिवाय राहत नाहींत. गांवांतील वजनदार लोकांस हे विषय रुचणें कठीण. आणि सरकारी संस्थेनें सरकारी कचेरीचेच दोष दाखवावे, हें तर त्याहून अवघड. शिवाय गांवांत राहून, चौकशी करून, पुनः पुन्हां लिहून कार्यक्रम करावयाचा म्हणजे वेळ व माणसें पुष्कळ लागतात. इ. स. १९८४ मध्यें युनेस्कोतर्फे ग्रामीण संज्ञापनासाठीं दिलें जाणारें पारितोषिक खेड्याच्या ह्या प्रकल्पास मिळालें आणि जगांतील अभ्यासक पीजचें नांव घेऊं लागले.

इकडे देशांतील वारें उलट दिशेस वाहूं लागलें होतें. ता. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम सर्व केंद्रांवरून एकाच वेळीं दिसूं लागला, त्याच वर्षीं आशियाई खेळांच्या निमित्तानें रंगीत चित्र आलें, ऑगस्ट १९८३ मध्यें इन्सॅट-१बी हा आपला उपग्रह आकाशांत गेला, आणि इ. स. १९८४ त 'हम लोग' ही मालिका सुरू होऊन जाहिरातदारांचें लक्ष दूरचित्रवाणीकडे वळलें. गांवोगांवीं नवे प्रक्षेपक उभारण्यांत येऊं लागले. परंतु ते बहुतेक दिल्लीचें चित्र पुढें ढकलणारे होते, स्वतः बोलणारे नव्हते. अहमदाबादेस मोठ्या शक्तीचा प्रक्षेपक झाल्यावर पीजच्या लहान प्रक्षेपकाचें प्रयोजन काय, असा प्रश्न निघाला. यंत्राच्या हिशेबानें तो बरोबर होता, कारण मोठ्याच्या कक्षेंत लहान येतच होता. लोकांच्या हिशेबानें मात्र तो चुकीचा होता, आणि खेड्यांतील लोकांनीं त्यास विरोधहि केला. तरी इ. स. १९८५ च्या सुमारास हा प्रयोग संपला. पारितोषिक मिळालें आणि वर्षभरांत संसार आटोपला, ही गोष्ट आम्हांस खेदाची वाटते. हिशेबाच्या वहींत लोकांच्या आवाजास रकाना नसतो, एवढेंच त्यावर म्हणतां येईल.

पीजचा धडा अगदींच वायां गेला असें नाहीं. इन्सॅटच्या काळांत खेड्यांसाठीं स्वतंत्र कार्यक्रम करण्यास जीं राज्यें निवडण्यांत आलीं, त्यांत महाराष्ट्रहि होता, व त्यासाठीं नागपुरास उपग्रह दूरदर्शन केंद्र निघालें. अहमदाबादेच्या मंडळींनीं तर इ. स. १९९६ मध्यें मध्य प्रदेशांतील झाबुआ ह्या आदिवासी जिल्ह्यांत पुन्हां नव्यानें काम मांडलें. १५० खेड्यांत संच ठेवण्यांत आले, आणि ह्या वेळीं तालुक्यांसारख्या बारा गटांच्या ठाण्यांत उलट बोलण्याचीं यंत्रेंहि बसविण्यांत आलीं. तेथील भिल्ल शेतकरी यंत्रापुढें बसून आपल्या पिकाविषयीं किंवा हातपंपाविषयीं प्रश्न विचारी, तो प्रश्न उपग्रहावरून अहमदाबादेच्या स्टुडिओंत पोंचे, आणि तेथें बसलेला जाणकार त्यास तेव्हांच्या तेव्हां उत्तर देई.